वाढणारीचें पान

आपल्या घरांतील जेवणाची रीत ज्यांनीं लहानपणापासून पाहिली आहे त्यांना ती निराळी सांगावयास नको. पाहुणे असले तर त्यांचीं पानें आधीं, मग मुलांचीं, मग घरांतील पुरुषमंडळींचीं, आणि बायकांचीं शेवटीं. त्यांतहि जी वाढते तिचें पान अगदीं शेवटचें. तव्यावरून उतरलेली पोळी ताटांत पडावी, तिच्यावरचें तूप विरघळावें आणि जेवणाऱ्याच्या चेहऱ्यावर तृप्ति उमटावी, यांत वाढणारीला समाधान असतें हें खोटें नाहीं. परंतु ती स्वतः बसते तेव्हां पोळी गार झालेली असते, कोशिंबिरीला पाणी सुटलेलें असतें, आमटीचा तळ उरलेला असतो, आणि भाजी उरली तर उरली. पाट-रांगोळी जाऊन टेबल-खुर्ची आली, चूल जाऊन गॅस आला. पण वाढणारीचा क्रम मात्र पुष्कळ घरांत होता तेथेंच आहे.

या क्रमाविषयीं एक नवा विचार माझ्या मनांत आला तो कोणत्या ग्रंथावरून नव्हे, तर पॅरिस शहरांतील एका उंची भोजनगृहांत एकटी जेवावयास बसलें असतां. तो वाचकभगिनींपुढें, आणि त्यांच्या घरांतील पुरुषमंडळींपुढेंहि, मांडावा म्हणून हा लेख.

प्रथम एका आक्षेपाचें उत्तर दिलें पाहिजे. 'एकटें जेवणें' हे शब्दच आपल्या कानांना खटकतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळांतील दानसूक्तांत, जो एकटाच खातो तो पापाचाहि एकटाच धनी होतो, अशा आशयाचें वचन आहे. आणि भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत, जे केवळ स्वतःसाठींच शिजवितात ते पापच खातात असें सांगितलें आहे. हीं वचनें आपल्या कुळांतून इतकीं मुरलेलीं आहेत कीं, एखादी प्रौढ बाई एकटी एखाद्या मोठ्या भोजनगृहांत जाऊन सावकाश जेवली असें ऐकतांच आपल्यापैकीं अनेकांच्या कपाळास आठी पडेल. परंतु या वचनांचा रोंख कोणावर आहे हें पाहावें. दाराशीं भुकेला उभा असतां जो त्याला न देतां खातो, यज्ञाचा व अतिथीचा भाग न काढतां जो आपलेंच पोट भरतो, त्याच्यावर तो रोंख आहे. पंक्तीला सोबत कोणी आहे कीं नाहीं, हा तेथें प्रश्नच नाहीं. सर्वांना वाढून झाल्यावर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत जी रोज एकटी जेवते, तिला हीं वचनें कोणी कधीं लावलीं नाहींत. तेव्हां एकटें जेवण हें पाप नव्हे हें आपण सगळे मनांतून जाणतों. बाईनें एकटीनें *आधीं*, *ऊन* आणि *दुसऱ्याच्या हातचें* जेवावें, हें मात्र आपल्या अंगवळणीं पडलेलें नाहीं.

आतां ज्या संस्थेंत मी जेवलें तिची थोडी हकीकत सांगणें जरूर आहे. कारण 'रेस्टॉरंट' ही गोष्ट मुळांत एकट्या जेवणाऱ्यासाठींच निघाली, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पॅरिसला येणाऱ्या प्रवाशाची जेवणाची सोय म्हणजे खाणावळींतील सामाईक टेबल. वेळ ठरलेली, दर ठरलेला, आणि पदार्थहि घरमालक ठेवील तेच. मोठीं पात्रें टेबलाच्या मध्यभागीं ठेवीत. जो जवळ बसला आणि ज्याचा हात चलाख, त्याच्या वांट्याला चांगलें येई. लाजाळू, परका किंवा उशिरां आलेला मनुष्य अर्धपोटीं उठे.

'रेस्टॉरंट' हा शब्द त्या काळीं जागेचें नांव नव्हता. अशक्त मनुष्याला हुशारी आणणाऱ्या, पुष्कळ वेळ आटविलेल्या मांसरसाला तें नांव होतें. १७६० ते १७७० या दशकांत पॅरिसमध्यें असा रस विकणारीं दुकानें निघालीं. त्यांच्या आद्य चालकांत माथ्युराँ रोझ द शाँत्वाझो याचें नांव इतिहाससंशोधक घेतात. नाजूक प्रकृतीच्या माणसाला सामाईक टेबलाची घाई सोसत नाहीं, म्हणून या दुकानांतून लहान लहान स्वतंत्र टेबलें मांडलीं. त्याला भूक कधीं लागेल याचा नेम नाहीं, म्हणून वेळेचें बंधन काढलें. त्याला काय पचेल तें त्यानेंच ठरवावें, म्हणून पदार्थांची यादी किंमतींसह त्याच्या हातीं दिली. रस मागें पडला, पण या तीन गोष्टी राहिल्या. स्वतःचें टेबल, स्वतःची वेळ आणि स्वतःची निवड, हेंच रेस्टॉरंटचें खरें स्वरूप होय. १७८२ मध्यें आंत्वान बोव्हिलिए यानें पॅले-रोयालच्या परिसरांत जें भोजनगृह काढलें, त्यांत या सोयींना राजवाड्यांतील थाटाची जोड मिळाली. आणि १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर सरदारांच्या घरचे आचारी मोकळे झाल्यावर अशा गृहांची संख्या झपाट्यानें वाढली. पॅरिसच्या या भोजनगृहांतून स्त्रियाहि उघडपणें जेवतात हें पाहून परदेशच्या प्रवाशांना मोठें नवल वाटे.

यावर टीका करणारेहि तेथलेच. ब्रिया-सावारँ या न्यायाधीशानें १८२५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या रसनाशास्त्रावरील आपल्या विख्यात ग्रंथांत या सोयींची स्तुति केली आहे, पण तेथें रोज एकटें जेवणारा मनुष्य आपल्यापुरतें पाहावयास शिकतो, शेजाऱ्याला आधीं देण्याची सवय विसरतो, असा दोषहि दाखविला आहे. आपल्या दानसूक्ताशीं हा विचार किती जुळतो पाहा! तो खोटाहि नाहीं. ज्याला आयुष्यभर कोणीतरी वाढीत आलें आहे, त्यानें एकट्यानें जेवण्याची सवय लावली तर त्याचा आपलपोटेपणा वाढेल हें उघड आहे. पण जिनें आयुष्यभर दुसऱ्याला आधीं दिलें, तिनें एकदां आपल्यापुरतें पाहिलें तर तिची कोणती सवय मोडणार आहे?

बाईला अशा ठिकाणीं एकटीनें जातां येणें ही गोष्ट सर्वत्र सहज झालेली नाहीं. १९०७ मध्यें न्यूयॉर्कच्या हॉफमन हाउस या हॉटेलांत हॅरियट स्टँटन ब्लॅच ही स्त्रीमताधिकाराच्या चळवळींतील प्रसिद्ध बाई आपल्या एका मैत्रिणीबरोबर संध्याकाळीं जेवावयास गेली, तेव्हां सोबत पुरुष नाहीं म्हणून त्या दोघींना जेवण नाकारण्यांत आलें. तिनें फिर्याद केली, आणि १९०८ मध्यें ती हरली. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील एका प्रसिद्ध मद्यगृहांत बायकांनीं पुढच्या फळीपाशीं उभें राहून कांहीं मागूं नये, मागच्या खोलींत बसावें, असा दंडक होता. तो बेकायदा असल्याचा निर्णय तेथील अपील कोर्टानें दिला तो १९८२ मध्यें! सुधारणेचा टेंभा मिरविणाऱ्या देशांतील ही स्थिति आहे.

आपल्याकडचा प्रश्न निराळा होता. आपल्याकडे बाई किंवा पुरुष हा भेद मागाहूनचा. कोणाच्या हातचें आणि कोणाच्या पंक्तीस, हा प्रश्न आधींचा. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें लोकमान्य टिळक, न्यायमूर्ति रानडे आदिकरून मंडळी गेली असतां तेथें चहा-बिस्किटें पुढें आलीं, आणि तेवढ्यावरून जें ग्रामण्य माजलें तें प्रायश्चित्तापर्यंत गेलें, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्यापूर्वीं सात वर्षें, १८८३ मध्यें, आनंदीबाई जोशी वैद्यकीच्या शिक्षणासाठीं नवऱ्यावांचून अमेरिकेस गेल्या. हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच परत येईन, असें त्यांनीं श्रीरामपूर येथील सभेंत सांगितलें होतें. परक्या माणसांत, परक्या अन्नांत, आपला आहार संभाळून त्यांनीं तीं वर्षें काढलीं आणि १८८६ मध्यें पदवी मिळविली. आपल्या समाजांतील एकट्या बाईच्या परदेशांतील जेवणाचा इतिहास असा त्यांच्या उपासतापासापासून सुरू होतो. आज मुलीबाळी शिक्षणाला, नोकरीला जगभर जातात आणि कोठेंहि एकट्या जेवतात, त्यांना यांत कांहीं विशेष वाटत नाहीं. मला वाटलें, कारण मी जुन्या रीतींत वाढलें.

माझी मुलगी फ्रान्समध्यें ल्याँ या शहरीं नोकरीस असते. एप्रिलच्या अखेरीस तिच्याकडे जातांना वाटेंत पॅरिसला तीन दिवस एकटी राहण्याचा योग आला, आणि माझ्या साठाव्या वर्षाची भेट म्हणून तिनें तेथील एका नामांकित भोजनगृहांत माझ्यासाठीं जागा राखून ठेविली. सीन नदीच्या उत्तर तीरावर, पॅले-रोयालच्या बागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर तें होतें. मांस, मासे, अंडीं चालत नाहींत. भाजीचा रस्सा मांसाच्या रसांत शिजविलेला नसावा. दारू पदार्थांतहि नको. हें सर्व तिनें आगाऊ लिहून कळविलें होतें. ही काळजी अनाठायीं नव्हे. त्या देशांत साध्या भाजीच्या सारालाहि हाडांचा रस लागलेला असतो. तेथील बहुतेक नांवाजलेल्या चीजमध्यें दूध गोठविण्यासाठीं वासराच्या जठरांतील द्रव्य घातलेलें असतें. आणि थरथरणाऱ्या गोड पदार्थांतील जिलेटिन तर हाडाकातड्याचेंच. परंतु अलीकडे तेथील आचाऱ्यांचें भाज्यांकडे चांगलें लक्ष गेलें आहे. २००१ मध्यें आलँ पासार या पॅरिसच्या सुप्रसिद्ध पाकनिपुणानें आपल्या 'आर्पेज' या भोजनगृहाच्या यादींतून लाल मांस काढून टाकलें आणि स्वतःच्या मळ्यांतील भाज्यांना मानाचें पान दिलें. त्यानंतर भाजी म्हणजे मांसाच्या शेजारची शोभा, ही समजूत बरीच ढिली झाली.

मी आठ वाजतां गेलें. त्या दिवसांत तेथें नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळें उंच खिडक्यांतून अजून ऊन येत होतें. दारांतील गृहस्थानें माझें नांव विचारलें, आणि सोबत कोण आहे हें विचारलें नाहीं. टेबल कोपऱ्यांतलें किंवा खांबामागचें नसून खिडकीपाशींचें होतें. त्यावर दोघांची मांडणी होती. मी बसतांच वाढप्यानें समोरचीं काटे-चमचे, पेला आणि घडी घातलेला रुमाल असें सगळें आवाज न करतां उचलून नेलें.

माझ्या यजमानांना जाऊन दोन वर्षें झालीं होतीं. आम्हीं चाळीस वर्षें एका घरांत जेवलों, पण समोरासमोर बसून, एकाच वेळीं, दोघेंहि उठण्याची घाई नसतांना, असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके. ते हौसेनें म्हणावयाचे, 'तूंहि बस ना आतां.' मी म्हणावयाची, 'एवढी पोळी होऊं द्या.' ती शेवटची पोळी होईतों त्यांचा ताकभात झालेला असे. समोरचें तें पान उचललें गेलें तेव्हां हें सर्व आठवलें. डोळे भरून आले हें खरें; पण वाढप्यानें तेवढ्यांत एक लहानशी चौरंगी आणून माझ्या उजव्या बाजूस ठेविली, आणि तिच्यावर माझी हातांतली पिशवी अदबीनें ठेवून दिली. बायकांच्या पिशव्या जमिनीवर राहूं नयेत म्हणून तेथील मोठ्या भोजनगृहांतून अशी चौरंगी ठेवतात. माझ्या आजीला आयुष्यांत स्वतःचा पाट असा नव्हता, आणि येथें माझ्या पिशवीला स्वतंत्र पाट! मला हंसूं आलें, आणि जेवणाला सुरुवात झाली.

पदार्थांची यादी हातीं आली तींत किंमती होत्या. हें सांगण्याचें कारण असें कीं, जुन्या पद्धतीच्या उंची भोजनगृहांतून किंमतींची यादी पुरुषाच्या हातीं आणि बिनकिंमतींची बाईच्या हातीं देण्याची चाल असे. १९८० मध्यें अमेरिकेंत लॉस एंजेलिसकडील एका भोजनगृहावर या चालीवरून फिर्याद झाली, आणि त्या भोजनगृहानें ती चाल सोडून दिली. माझ्यापुढें दुसरें कोणी नव्हतें. तेव्हां निवड, किंमत आणि जबाबदारी हीं तिन्ही माझ्याकडेच आलीं.

प्रथम कोंवळे मुळे आणि खारें लोणी आलें, बरोबर जाड पापुद्र्याचा पाव. मग पांढऱ्या शतावरीचे कोंब, वरची साल तासलेले, आणि त्यांवर तांबूस होईतों कढविलेलें लोणी. झांकण काढतांच वाफ तोंडावर आली. त्या लोण्याचा वास आपल्या कढलेल्या तुपाच्या बेरीचाच! मीं पहिला तुकडा तोंडांत घातला, तो इतका ऊन होता कीं क्षणभर जिभेला चटका बसला. दुसऱ्या कोणी रांधलेलें, दुसऱ्या कोणी आणून वाढलेलें, आणि सर्वांत प्रथम माझ्या पानांत पडलेलें ऊन अन्न मीं यापूर्वीं केव्हां खाल्लें, हें आठवूं लागलें. माहेरपणास जात असें तेव्हां, आणि बाळंतपणांत.

पुढें हिरव्या वाटाण्यांचे कोंवळे दाणे, शेंगांच्याच सालींच्या पातळ रसांत, पुदिन्याच्या पानांसह आले. त्यानंतर समुद्राच्या राखी मिठाचा एक लहानसा ढीग ताटांत घालून वाढप्यानें टेबलापाशीं आणला आणि चमच्यानें फोडला. आंत एक सबंध बीट भाजलेला होता. आपण चुलीच्या राखेंत वांगें किंवा रताळें भाजतों त्याच जातीची ही कृति. एकट्या माणसासाठीं त्यानें तो ढीग जितक्या सावकाशीनें फोडला, तितक्याच सावकाशीनें तो आठ जणांच्या टेबलापाशीं फोडला असता. चीजचा गाडा आला तेव्हां मीं हात जोडले. त्यानें कारण न विचारतां गाडा वळविला. मग एका चपट्या पातीनें टेबलावरचे पावाचे कण वेंचून घेतले, जसें आपण दुसरी पंगत बसण्यापूर्वीं जागा पुसून घेतों, आणि शेवटीं स्ट्रॉबेऱ्या आल्या, नुसत्या, किंचित् साखरेच्या.

मला वाढण्याचें शिक्षण माझ्या सासूबाईंनीं दिलें. मीठ-लिंबू कोठें, चटणी कोणत्या बाजूस, भात केव्हां, तूप किती, जेवणाऱ्याकडे टक लावून पाहावयाचें नाहीं पण त्याचें पान रिकामें होऊं द्यावयाचें नाहीं. हें सर्व मला मुखोद्गत आहे. त्यामुळें तेथील वाढपे मीं पारखूनच पाहिले. एकाच वेळीं सगळे पदार्थ टेबलावर मांडण्याची जुनी फ्रेंच रीत एकोणिसाव्या शतकांत मागें पडली, आणि एकामागून एक पदार्थ ऊन ऊन आणून वाढण्याची रशियन म्हणविली जाणारी रीत रूढ झाली. तिचें मर्म एवढेंच कीं, शिजलेलें अन्न आणि जेवणारा यांच्यांत वेळ जाऊं द्यावयाचा नाहीं. आमच्या सासूबाईंचेंहि तेंच म्हणणें होतें. या वाढप्यांनीं मला एकदांहि 'आणखी कोणी येणार आहे का' असें विचारलें नाहीं. माझ्याशीं दयेनें बोलले नाहींत किंवा करमणूक करण्याचा यत्न केला नाहीं. एकटीचें पान हें अपुरें पान नव्हे, हें त्यांच्या वागण्यांत गृहीत होतें.

साडेदहाच्या सुमारास शेजारचीं टेबलें रिकामीं होऊं लागलीं. वाढप्याला इंग्रजी चांगलें येत होतें. मीं त्याला सहज विचारलें, 'तुमचें जेवण आतां व्हावयाचें असेल नाहीं?' मुलांना वाढून झाल्यावर मोलकरणीला विचारावें तसा तो प्रश्न माझ्या तोंडून आला. तो म्हणाला, 'नाहीं बाई, आमचें केव्हांच झालें. आम्हीं सगळे सहाच्या आधीं जेवतों.'

मीं आणखी विचारलें तेव्हां त्यानें सांगितलें तें असें. दारें उघडण्यापूर्वीं तेथील आचारी, वाढपे, भांडीं घांसणारे, सर्व एका टेबलाशीं एकत्र बसून जेवतात. तें जेवण स्वयंपाकघरांतील आचाऱ्यांनींच पाळीपाळीनें करावयाचें. साधेंच असतें, पण ऊन असतें आणि बसून खाल्लेलें असतें. ही त्याच्या एकट्या भोजनगृहाची लहर नव्हे. फ्रान्समधील आणि इतर देशांतील पुष्कळ चांगल्या भोजनगृहांची ही रीत आहे. 'भुकेलेला मनुष्य नीट वाढूं शकत नाहीं,' तो म्हणाला, आणि हिशेबाचा कागद आणावयास गेला. हिशेबाची रक्कम मोठी होती. तेवढ्यांत आमच्या घरचा महिन्याचा किराणा आला असता. तिच्यांत वाढणाऱ्याच्या श्रमाचें मोलहि धरलेलें होतें, कारण त्या देशांत तें किंमतींतच धरण्याची पद्धत आहे. वाढणाऱ्याचें पोट आधीं भरलेलें आणि त्याच्या श्रमाचा हिशेब आधीं झालेला, म्हणूनच त्याच्या वाढण्यांत ती स्वस्थता होती. अन्नाची चव मी कदाचित् विसरेन. पण हें विसरणार नाहीं.

आपण वाढणारीला शेवटीं बसवितों तें कोणत्या शास्त्रानें? याचा शोध घेतला तर गंमत वाटते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत अतिथिसत्काराचा क्रम दिला आहे. तेथें नवपरिणीत स्त्रिया, कुमारी, रोगी आणि गर्भिणी यांना अतिथीच्याहि आधीं, कांहींएक विचार न करतां, जेऊं घालावें असें स्पष्ट सांगितलें आहे. पुढें, अतिथि आणि सेवकजन जेवल्यावर उरलेलें अन्न दंपतीनें खावें, असें म्हटलें आहे. दंपतीनें, म्हणजे यजमानानें आणि गृहिणीनें; एकट्या गृहिणीनें नव्हे! त्याच स्मृतीच्या चौथ्या अध्यायांत पत्नीसह एकत्र जेवूं नये असा निषेधहि आहे, आणि आपण नेमका तोच तेवढा उचलला. यजमानाला उरलेलें खावयास सांगणारें वचन बाजूस पडलें, सेवकांना आधीं वाढावयास सांगणारेंहि पडलें, आणि गृहिणीचें शेवटचें पान तेवढें राहिलें. शास्त्राचा आधार जेवढा सोयीचा तेवढा ठेवावयाचा, अशी ही रूढि आहे. मग ती बदलतांना धर्म बुडाल्याची ओरड करण्याचें कारण उरत नाहीं.

पुष्कळ भगिनी म्हणतील, 'आम्हांला यांत दुःख वाटत नाहीं; सर्वांचें झालें म्हणजे आम्हीं निवांत जेवतों.' त्यांच्या समाधानाला मी बोल लावीत नाहीं. तें मींहि अनुभवलें आहे. परंतु त्या निवांतपणाकडे जरा बारकाईनें पाहावें. एक कान दाराकडे असतो, एक हात उरलेल्या भाजीचें भांडें रिकामें करण्यांत असतो, आणि 'टाकून कशाला द्यावयाचें' म्हणून भूक नसतांना दोन घांस अधिक किंवा भाजी संपली म्हणून चार घांस कमी, असें तें जेवण असतें. डॉक्टर मंडळी बायकांच्या रक्ताच्या कमतरतेविषयीं वारंवार बोलतात. गेल्या अनेक वर्षांच्या सरकारी पाहण्यांत भारतांतील निम्म्याहून अधिक प्रौढ बायकांत रक्तक्षय आढळला आहे. त्याचीं कारणें अनेक असतात हें खरें. पण डाळ, पालेभाजी आणि दूध शेवटच्या पानापर्यंत पोंचतांना काय उरतें, याचा विचार सुखवस्तु घरांनीं देखील करावा.

करावयाचें तरी काय? वाढावयास आचारी ठेवण्याची ऐपत प्रत्येकाला नसते, आणि माझें तसें सांगणेंहि नाहीं. भोजनगृहांतील त्या एका टेबलाची रीत आपल्या घरीं सहज येण्यासारखी आहे. सगळें शिजवून झाकून टेबलावर मध्यें ठेवावें, पोळ्या फडक्यांत गुंडाळून डब्यांत ठेवाव्या, आणि सर्वांनीं एकदम बसून आपापलें घ्यावें. तव्यावरचीच पोळी हवी असा ज्यांचा आग्रह असेल त्यांनीं तव्यापाशीं पाळीनें उभें राहावें; मुलगा, सून, नवरा, नात, जो मोठा आहे तो. सणावारीं पंगत असेल आणि आधीं-मागें बसणें अपरिहार्य असेल, तर वाढणाऱ्यांनीं पहिल्या पंगतीपूर्वीं पोटाला आधार म्हणून दोन घांस बसून खावे. नैवेद्य झाल्यावर त्यांत कसलीहि आडकाठी नाहीं. आणि घरांत आल्या-गेल्यासाठीं राबणारी जी मोलकरीण असेल, तिचें पानहि याच हिशेबांत धरावें. नाहींतर आपण आपल्यापुरता क्रम सुधारून तोच भार दुसरीवर टाकला, असें होईल.

आणखी एक सुचवावेंसें वाटतें. ज्यांना प्रवास घडतो, त्या भगिनींनीं, विशेषतः ज्यांचें घर आतां मोठें झालेल्या मुलांनीं रिकामें केलें आहे त्यांनीं, वर्षांतून एकदां कोठेंतरी एकटीनें नीट जेवून पाहावें. त्यासाठीं पॅरिसला जाण्याची जरूर नाहीं. कोल्हापुरास, नागपुरास, बडोद्यास, जेथें बसावयास स्वच्छ जागा आणि शाकाहारी अन्न आहे तेथें चालेल. पुस्तक बरोबर नेऊं नये, फोन पिशवींत ठेवावा, आणि अन्न येईल तसें, ऊन असतांना, खावें. कोणाला आणखी काय हवें हें पाहण्याची सवय पहिल्या दहा मिनिटांत आपल्याला उठवावयास पाहील, बसून राहावें. त्या जेवणांत आपल्याला काय आवडतें, किती भूक असते, पोट केव्हां भरतें, हें पुष्कळ वर्षांनीं प्रथमच कळेल.

मी घरीं परतल्याला आतां वर्ष झालें. माझ्याकडे मुलगा-सून येतात तेव्हां पोळ्या आधीं करून ठेवतों आणि चौघें एकदम बसतों. पहिल्या दिवशीं नातू म्हणाला, 'आजी, तूं कां बसलीस? पोळी कोण देणार?' त्याच्या बापानें डबा त्याच्याकडे सरकविला, आणि म्हणाला, 'तूं दे. आधीं आजीला.'